कर्जतला मागून इंजिन का लागतं? बोरघाटाची आणि जेम्स बर्कलींची गोष्ट

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबते. वडेवाले खिडक्यांसमोरून फिरतात, कुणी बाटली भरून घेतं, आणि थोड्या वेळाने मागच्या बाजूने एक दणका येतो. हातातला चहा हिंदकळतो. रोजचे प्रवासी मान वर करूनही पाहत नाहीत. बँकर लागला, हे त्यांना ठाऊक असतं. पहिल्यांदा आलेला माणूस मात्र दचकून शेजाऱ्याला विचारतो, "काय झालं हो?"

बँकर म्हणजे घाट चढण्यापुरतं गाडीच्या शेपटीला जोडलेलं जादा इंजिन. कर्जतला जोडायचं, लोणावळ्याला सोडायचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली आणि ती बँकर न लावता घाट चढते, ही बातमी सगळीकडे झळकली. तेव्हापासून लोक उलट बाजूने विचारू लागले. तिला लागत नाही, तर बाकीच्या गाड्यांना का लागतं? घाट एवढा अवघड असेल तर रेल्वे तिथून नेलीच का? आणि नेली ती नेली, इतक्या वर्षांत तो चढ कमी का नाही केला?

या प्रश्नांचा माग काढत गेलं की आपण जेम्स जॉन बर्कली या माणसाच्या नकाशापाशी येऊन पोचतो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे, म्हणजे आपल्या जीआयपीचे, ते पहिले मुख्य अभियंता. १६ एप्रिल १८५३ ही तारीख आपण शाळेत पाठ केलेली असते. त्या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीचा ३४ किलोमीटरचा मार्ग त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाला होता. पण खाड्या, दलदल सगळं धरूनही तो मार्ग सपाटीचा होता. बर्कलींची खरी परीक्षा पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याशी होती. तिथे त्यांनी घेतलेले निर्णय आजही आपल्या गाडीचं वेळापत्रक ठरवतात.

सह्याद्री डोंगर आहे की पायरी?

"सरळ बोगदा खोदून पलीकडे का नाही गेले?" हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. त्याचं उत्तर भूगोलात आहे.

डोंगर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एका बाजूने चढ आणि दुसऱ्या बाजूने उतार येतो. असा डोंगर असेल तर पोटातून आडवा बोगदा काढला की काम झालं, कारण दोन्हीकडची जमीन साधारण एका पातळीवर असते. सह्याद्री तसा नाही. खाली कोकण, वर देश, आणि मध्ये सरळ उभा कडा. अंगणातून ओसरीवर चढायची पायरी असते ना, तशी ही पायरी आहे. लोणावळ्याला पोचल्यावर पुण्याकडे जाताना आपण पुन्हा कोकणाच्या पातळीला उतरत नाही, वरच राहतो. देशावर जाणं, घाटावर जाणं, हे शब्द आपल्या भाषेत उगाच आलेले नाहीत.

त्यामुळे बोगदा कितीही लांब खोदला तरी उंची चुकत नाही. कर्जतच्या पुढच्या पळसदरी स्टेशनापासून लोणावळ्यापर्यंत गाडीला सुमारे ५५८ मीटर वर जावंच लागतं. ती उंची उघड्यावर चढा नाहीतर बोगद्यात चढा.

शिवाय १८५० च्या दशकात लांब बोगदा हे काही सोपं काम नव्हतं. फ्रान्स आणि इटलीच्या मध्ये आल्प्स पर्वतात खोदलेला माँ सेनीचा बोगदा १८५७ साली सुरू झाला आणि गाड्यांसाठी खुला झाला १८७१ मध्ये. तोही खोदाईची यंत्रं मदतीला आली म्हणून. बोरघाटातला दगड म्हणजे आपला काळा कातळ, बेसाल्ट. डायनामाइटचं पेटंट निघालं १८६७ साली, म्हणजे घाटाचं काम संपल्यावर. बर्कलींच्या हाताशी होती पहार, छिन्नी, हातोडा आणि साधी काळी बारूद. तरीही पहिल्या मार्गावर २५ बोगदे खोदले गेले. लहान लहान, जिथे डोंगराची सोंड आडवी आली तिथे.

गुळगुळीत चाक, गुळगुळीत रूळ

आता चढाकडे येऊ. रेल्वेत चढ सांगण्याची एक पद्धत आहे. "एकास सदतीस" म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. बोरघाटाचा सगळ्यांत कडक चढ हाच आहे, १:३७.

ऐकायला हे काहीच वाटत नाही. आपल्या इमारतींच्या तळघरातून गाडी बाहेर काढायचा उतार याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. पण रेल्वेच्या मापाने बघा. आजचा एक डबा साधारण साडेतेवीस मीटर लांब असतो. म्हणजे तुम्ही डब्याच्या पुढच्या दाराशी उभे असाल तर मागच्या दाराशी उभा असलेला माणूस तुमच्यापेक्षा दोन फूट खाली असतो. २४ डब्यांची अख्खी गाडी या चढावर असेल तेव्हा पहिला डबा शेवटच्या डब्यापेक्षा सुमारे १५ मीटर उंचावर असतो. गाडीचं एक टोक पाचमजली इमारतीच्या दाराशी आणि दुसरं गच्चीवर.

रस्त्यावरची मोटार चढ चढते ती रबरी टायरच्या पकडीवर. रेल्वेचं चाक पोलादी, रूळही पोलादी. दोन्ही टणक, म्हणून ते एकमेकांना टेकतात ती जागा एखाद्या नाण्याएवढीच असते. सपाटीवर हेच वरदान ठरतं. घर्षण इतकं कमी की एक टन वजन हळूहळू चालतं ठेवायला चार-पाच किलोचा जोर पुरतो. म्हणून तर एक इंजिन हजारो टन माल ओढून नेतं.

घाटात हाच गुण उलटतो. १:३७ च्या चढावर गाडीच्या वजनाचा सदतिसावा हिस्सा तिला सतत मागे खेचत असतो. १२०० टनांची गाडी आणि १२० टनांचं इंजिन धरा: ३५-३६ टनांची मागे ओढ. त्यात चाकांचा आणि वळणांचा विरोध मिळवला की चाळीस टनांच्या वर जोर हवा. आणि इंजिनाच्या चाकांची रुळावरची पकड किती? रूळ कोरडे असताना इंजिनाच्या वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास, फार तर थोडी जास्त. म्हणजे तीस-बत्तीस टन. त्याहून जास्त जोर लावला तर चाक जागच्या जागी गरगरतं, चिखलात रुतलेल्या ट्रकसारखं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अडचण इंजिनाच्या ताकदीची नाही, पकडीची आहे. इंजिनात आणखी अश्वशक्ती भरून काही होत नाही, चाकं घसरणारच. पावसात तर पकड आणखी कमी होते. म्हणून इंजिनांमध्ये वाळूच्या पेट्या असतात आणि चालक गरजेप्रमाणे चाकांपुढे रुळावर वाळू सोडतो. पण खात्रीचा उपाय एकच: रुळावर जोर लावणारी आणखी चाकं आणायची. घाटात भरलेल्या बैलगाडीला दुसऱ्याच्या बैलांची जोडी पुढे जुंपायचे, तसंच. आपला बँकर म्हणजे ती दुसरी जोडी.

मग ती जोडी पुढे का जुंपत नाहीत?

बैल पुढे जुंपतात आणि बँकर मागे लावतात, याला कारण आहे. सगळी इंजिनं पुढे लावली तर अख्ख्या गाडीचा भार पहिल्या डब्याच्या कपलिंगवर, म्हणजे दोन डबे जोडणाऱ्या आकड्यावर येतो. त्या आकड्यालाही मर्यादा असते. काही इंजिनं मागून ढकलू लागली की भार वाटला जातो. गाडीच्या मध्ये कुठेतरी अशी जागा असते जिथे पुढची ओढ संपते आणि मागचा रेटा सुरू होतो. तिथल्या डब्यात बसलेल्यांना ओढही फार जाणवत नाही आणि दणकाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. चढावर मध्येच एखादं कपलिंग तुटलं तर मागचे डबे उताराने खाली पळत सुटू नयेत. शेपटीला बँकर असेल तर तो पाचर लावल्यासारखा काम करतो. डब्यांना आज आपोआप लागणारे ब्रेक आहेत, तरी घाटात एकाच उपायावर विसंबून कुणी राहत नाही. मला हे शहाणपण फार मोलाचं वाटतं.

बर्कलींनी ही वाट कशी निवडली?

बर्कलींचा जन्म १८१९ चा, लंडनच्या होलोवे भागातला. इंग्लंडमधले नामवंत रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली ते तयार झाले. स्टीफन्सन जीआयपीचे सल्लागार होते. १८५० च्या फेब्रुवारीत बर्कली मुंबईत उतरले तेव्हा त्यांचं वय होतं तीस.

कंपनीचा सुरुवातीचा बेत माळशेज घाटातून वर जायचा होता. एकच घाट चढायचा आणि वर आळे गावाजवळ फाटा काढून एक लोहमार्ग पुण्याकडे, दुसरा खानदेशाकडे न्यायचा. कागदावर छान दिसणारी कल्पना: दोनऐवजी एकाच घाटाचा खर्च. पण माळशेजचा कडा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. बर्कलींनी तो बेत बाजूला सारला आणि दोन स्वतंत्र घाट चढायचं ठरवलं. पुण्यासाठी बोरघाट, नाशिक-खानदेशासाठी थळघाट, म्हणजे कसारा. कल्याण हे मुंबई विभागातलं एवढं मोठं जंक्शन झालं ते या निर्णयामुळे. कल्याणहून माळशेजमार्गे नगरला रेल्वे न्या, ही मागणी आजही होत असते. तिचं मूळ किती जुनं आहे ते इथे दिसतं.

(नावाबद्दल एक खुलासा. इंग्रजी कागदपत्रांत बोरघाटाला 'भोर घाट' म्हटलेलं आहे. पुण्याच्या दक्षिणेचं भोर गाव आणि तिथल्या संस्थानाशी त्याचा काही संबंध नाही.)

वाट ठरली तरी आखणी बाकी होती. आखणी म्हणजे नेमका कुठल्या कड्याच्या कुठल्या उंचीवरून रूळ जाणार ते ठरवणं. गड चढताना आपण दोन वाटा पाहतो. एक सरळ अंगावर येणारी, छाती भरून आणणारी. दुसरी नागमोडी, लांबची, पण सोसवणारी. रेल्वेला नागमोडीच लागते, पण एक फरक आहे. माणूस जागच्या जागी वळतो. गाडीला वळायला शेकडो मीटर त्रिज्येचं प्रशस्त वळण लागतं. सह्याद्रीच्या अरुंद सोंडेवर एवढी जागा आणायची कुठून? दोन्हीकडे दऱ्या.

रिव्हर्सिंग स्टेशन: वळता येत नसेल तर उलटं चाला

बर्कलींनी काढलेला तोडगा आजही ऐकून मन थक्क होतं. वळता येत नाही ना, मग वळूच नका.

अरुंद गल्लीत अडकलेली रिक्षा कशी बाहेर काढतात? पुढे भिंतीपर्यंत न्यायची, मग मागे घेत दुसऱ्या गल्लीत घालायची. घाटाच्या वरच्या टप्प्यात, खंडाळ्याच्या अलीकडे, बर्कलींनी सोंडेच्या टोकाशी एक सपाट जागा केली. खालून आलेली गाडी तिथे जाऊन थांबायची, पुढे रूळ संपलेले. इंजिन सुटायचं, फिरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि गाडी आली त्याच दिशेला तोंड करून, पण वेगळ्या रुळावरून, वर चढू लागायची. नकाशावर हा मार्ग दुमडलेल्या कोपरासारखा दिसतो. कसारा घाटातही अशीच युक्ती केली.

या युक्तीने वळणाची जागा वाचली, लोहमार्ग इंजिनांना झेपेल एवढ्या चढात बसला. तोटेही होते. वेळ जायचा. सपाट जागेत मावेल एवढीच लांब गाडी नेता यायची. आणि रुळांच्या टोकापलीकडे दरी होती. १८६९ साली खाली उतरणारी एक गाडी आवरता आली नाही आणि ती रिव्हर्सिंग स्टेशनच्या टोकापलीकडे गेली. त्या अपघाताचं छायाचित्र उपलब्ध आहे. उलथलेले डबे पाहून घाटात चढण्यापेक्षा उतरणं किती अवघड आहे ते कळतं.

उतरताना गाडी कशी आवरतात?

चढताना गाडी अडली तर वेळ जातो. उतरताना सुटली तर माणसं जातात. म्हणून उतरणीचे नियम जास्त कडक आहेत. वेग बांधलेला असतो, ब्रेक तपासायला गाडी थांबवतात आणि वाटेत कॅच सायडिंग असतात.

कॅच सायडिंग म्हणजे मुख्य मार्गातून फुटून उलट डोंगराकडे चढणारा, टोकाला बंद असलेला रुळांचा फाटा. सांधा, म्हणजे रूळ बदलणारी जोडणी, मुळातच त्या फाट्याकडे वळवून ठेवलेला असतो. गाडी ताब्यात आहे याची खात्री झाली की मगच मुख्य मार्ग मोकळा होतो. सुटलेली गाडी आपोआप फाट्यावर जाते, चढ लागून दम तुटतो आणि थांबते. ठाकूरवाडी, मंकी हिल ही नावं खिडकीतून दिसतात आणि गाडी 'उगाचच' थांबली म्हणून आपण चडफडतो. ते थांबणं उगाच नसतं.

विजेची इंजिनं आल्यावर आणखी एक सोय झाली. उतरताना इंजिनाच्या मोटारी उलट्या कामाला लावल्या की त्या वीज तयार करतात आणि गाडीला मागे धरून ठेवतात. ती वीज तारेत परत जाऊन चढणाऱ्या गाडीच्या कामी येऊ शकते. विहिरीवरच्या रहाटाचा एक पोहरा उतरताना दुसऱ्याला वर यायला मदत करतो, तसं.

हे सगळं बांधलं कुणी?

इथे जरा थांबायला हवं. अभियंत्याची गोष्ट सांगताना हा भाग बहुतेक वेळा एका वाक्यात उरकला जातो, आणि ते मला पटत नाही.

काम सुरू झालं १८५६ च्या जानेवारीत. पावसाळ्यात जिथे चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो तिथे वर्षातले आठ महिनेच हाताशी. खालून खोपोलीपर्यंत रेल्वे त्याच वर्षी मे महिन्यात पोचली, वरून खंडाळा ते पुणे १८५८ च्या जूनमध्ये. मधला घाट तेवढा रिकामा. पाच वर्षं प्रवासी खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा रेल्वेत बसायचे.

मधल्या जागेत हजारो माणसं कातळ फोडत होती. मातीकाम आणि दगडकामात मुरलेले वडार, दुष्काळी मुलखातून पोट भरायला आलेली कुटुंबं, बायका, मुलं. काही बोगद्यांच्या तोंडापर्यंत पाऊलवाटसुद्धा नव्हती. माणसांना वरून दोराने कड्यावर सोडायचे, आणि तिथे लोंबकळत ते पहारीने पहिलं भोक पाडायचे. मग बार भरायचा, वात पेटवायची आणि वर खेचून घेईपर्यंत जीव मुठीत धरायचा. जानेवारी १८६१ मध्ये या घाटात एका वेळी सुमारे ४२ हजार माणसं कामावर होती. त्या काळात एवढी वस्ती म्हणजे मोठं शहरच. पण शहराला लागतं ते पिण्याचं पाणी, मोऱ्या, औषध यांपैकी तिथे जवळजवळ काही नव्हतं.

पटकी आली, म्हणजे कॉलरा. तापही आले. किती माणसं गेली याची पूर्ण मोजदाद त्या वेळी कुणी ठेवली नाही. काही इतिहासकारांचा अंदाज वीस हजारांच्या वर जातो. पंचवीस किलोमीटरच्या मार्गासाठी.

कंत्राटदार विल्यम फॅव्हियल यांच्या कामावर १८५९ च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून मजूर भडकले, आणि त्याच वर्षी त्यांनी कंत्राट सोडलं. मग इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल आले आणि काही आठवड्यांत आजारी पडून वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट परत केलं नाही. ॲडमसन आणि क्लाऊसर या दोन अनुभवी माणसांवर व्यवस्था सोपवून त्यांनी काम तडीला नेलं. घाटाच्या इतिहासात या बाईंचं नाव ठळक यायला हवं.

२१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. बर्कली तिथे नव्हते. तब्येत खालावल्याने ते १८६१ मध्ये इंग्लंडला परतले होते आणि २५ ऑगस्ट १८६२ ला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वारले. ज्या चढासाठी त्यांनी आयुष्यातली उमेदीची दहा वर्षं दिली त्यावरून गेलेली पहिली गाडी त्यांनी पाहिली नाही.

एवढं कौतुक करण्यासारखं काम होतं का?

काही जण म्हणतात, इंग्रजांनी रेल्वे आपल्यासाठी थोडीच बांधली. खरं आहे. कापूस बंदरापर्यंत आणायचा, विलायती माल आत पोचवायचा, सैन्य हलवायचं, हे हेतू उघड होते. कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती, आणि कमी पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे इथल्या रयतेच्या करातून भरलं जायचं. जीआयपीच्या उभारणीत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे मुंबईकरही पुढे होते, पण नफ्याची आणि निर्णयांची सूत्रं लंडनला होती.

दुसरा आक्षेप कामाच्या दर्जाबद्दल आहे, आणि तोही खरा आहे. घाटातला 'माहू की मळी'चा दगडी पूल १९ जुलै १८६७ ला, म्हणजे मार्ग खुला होऊन पाच वर्षंही होण्याआधी कोसळला. जीआयपीचे आणखीही पूल पुन्हा बांधावे लागले. घाई, निकृष्ट चुना-दगड आणि अपुरी देखरेख यांची ती किंमत होती.

आणि घाटाची वाट इंग्रजांनी शोधली असंही नाही. ती आधीपासून वापरात होती. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. तिथली लोककथा सांगते, शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि बदल्यात त्याला गोळी मिळाली. आजही ड्रायव्हर तिथे नाणं टाकून पुढे जातात. कथेला तारीख-वार नाही, पण ज्यांच्या पायाखालची वाट होती त्यांचं नाव कागदावर आलं नाही ही खंत तिने जपून ठेवली आहे.

हे सगळं मान्य करूनही मी बर्कलींच्या आखणीला दाद देतो. हाताशी हवाई छायाचित्रं नाहीत, यंत्रं नाहीत, आणि पावसाळ्यात ढगाआड जाणारा कडा पायी मापायचा. त्यातून त्यांनी उंची, लांबी आणि वळण यांचा असा मेळ घातला की सव्वाशेच नव्हे, दीडशे वर्षांनीही घाटाचा गाभा तोच राहिला. १९२९ मध्ये नवे बोगदे काढून रिव्हर्सिंग स्टेशन बंद केलं, घाटात वीज आली, आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावू लागली. कोपर सरळ झालं. चढ मात्र १:३७ चाच राहिला.

वंदे भारतला बँकर का लागत नाही?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आपल्याला हवी होती रुळावर जोर लावणारी जास्त चाकं. नेहमीच्या गाडीत जोर लावतात फक्त इंजिनाची चाकं, डब्यांची नुसती फिरतात. वंदे भारतला वेगळं इंजिनच नाही. मोटारी डब्यांखाली वाटून बसवल्या आहेत आणि गाडीचे निम्मे आस, म्हणजे चाकांच्या निम्म्या जोड्या, जोर लावतात. म्हणजे गाडीचं जवळजवळ निम्मं वजन पकडीच्या कामी येतं. पालखी चौघांनी उचलण्याऐवजी निम्म्या दिंडीने खांदा दिल्यासारखं.

आपली लोकलही याच तत्त्वावर चालते. म्हणून कर्जतहून लोकल वर जायला पकडीची अडचण येऊ नये. पण चढणं हा अर्धाच भाग झाला. उतरताना ब्रेक किती खात्रीचे आणि गाडी उभी राहिली तर किती वेळ धरून ठेवतील, याचा विचार करून घाटासाठी गाडी तयार करावी लागते.

मग चढच कमी का करत नाहीत?

हा हिशेब तुम्हीही करू शकता. ५५८ मीटर उंची ठरलेली आहे. बँकरशिवाय जड गाड्या न्यायच्या तर चढ १:१०० च्या आसपास हवा. म्हणजे ५५८ गुणिले १०० बरोबर जवळजवळ ५६ किलोमीटर. आज तीच उंची सुमारे पंचवीस किलोमीटरमध्ये गाठली जाते. जादा तीस किलोमीटर मार्ग आणायचा कुठून? डोंगराच्या पोटात लांब बोगदे फिरवून, किंवा कोकणात पार मागूनच चढायला सुरुवात करून. आजच्या तंत्राने ते शक्य आहे. एक्स्प्रेसवेच्या मिसिंग लिंकसाठी जवळजवळ नऊ किलोमीटरचा बोगदा काढलाच ना. पण रस्त्याला १:३७ पेक्षा कडक चढही चालतो, रेल्वेला चालत नाही, त्यामुळे रेल्वेचा बोगदा रस्त्याच्या बोगद्यापेक्षा कितीतरी लांब लागणार.

नव्या मार्गाची गरज मात्र वेगळ्या कारणाने वाढते आहे. बेसाल्टचे थर एकावर एक असतात आणि मधले काही थर मऊ, झिजणारे. पाणी आत शिरलं की वरचा कातळ सुटतो. २०१९ च्या पावसाळ्यात दरडींनी आणि खचलेल्या भरावाने मंकी हिलच्या पट्ट्यात काही आठवडे गाड्या रद्द झाल्या, वळवल्या गेल्या. दर पावसाळ्यात ट्रॅकमन कंदील आणि विजेरी घेऊन रात्रभर हे रूळ पायी तपासतात, सुटलेला दगड दिसला तर गाडी थांबवतात. बर्कलींच्या मार्गाची राखण आजही पायीच होते.

त्या काळाची एक खूण पाहायला घाट चढायचीही गरज नाही. कर्जतहून सुटणारी खोपोली लोकल पळसदरीला मुख्य मार्ग सोडते आणि डोंगराच्या पायथ्याने खोपोलीला जाऊन थांबते. पुढे रूळ नाहीत. १८५६ साली मुंबईहून आलेली रेल्वे इथेच संपायची, आणि लोक उतरून वर, खंडाळ्याच्या कड्याकडे बघायचे.